टोळीचं एकच उत्तर

दिंडोरी तालुक्यात द्राक्षाची छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या खाली उतरतात. कात्र्या, गोधड्या, एक मोठं पातेलं आणि नागलीच्या पिठाचा डबा, एवढ्या सामानावर ही माणसं बागेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये राहतात आणि एक बाग संपली की दुसरी धरतात. माझे वडील अशाच एका टोळीत होते. पुढे ते इकडेच राहिले, म्हणून मला दिंडोरीची शाळा मिळाली आणि शाळेतल्या एका बाईंनी मनावर घेतलं म्हणून नाशिकचं वसतिगृह मिळालं. समाजकार्याची पदवी घेतलेला आमच्या घरातला मी पहिला. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही, असं लिहायची पद्धत आहे. पण मला ते थोडं मिरवावंसंच वाटतं. वडिलांनी लोकांच्या बागा छाटल्या पण माझं शिक्षण कुठे कापू दिलं नाही.

मी एका आरोग्य संस्थेत काम करतो. मजुरांच्या वस्त्यांवर जायचं आणि पुरुषांशी त्यांच्या गुप्तरोगांबद्दल बोलायचं, हे माझं काम. त्यातही हर्पिसबद्दल जास्त, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही. गुप्तांगावर बारीक फोड येतात, आग होते, काही दिवसांनी आपोआप सुकतं. माणसाला वाटतं, गेलं. पण विषाणू शरीरातच राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी किंवा वर्षानं तिथेच पुन्हा वर येतो. कित्येकांना तर फोडही येत नाहीत आणि तरी त्यांच्याकडून तो पुढे जातो. आमच्याकडे याला सरसकट 'गरमी' म्हणतात, ताक प्यायला सांगतात आणि विषय मिटवतात.

कामाला लागलो तेव्हा आमच्या डॉक्टर मॅडमनी आम्हाला शिकवलं होतं. कोणत्या पुरुषांना हा आजार होण्याची शक्यता जास्त, हे त्यांनी फळ्यावर लिहिलं: वय, शिक्षण, लग्न कधी झालं, घरापासून किती काळ दूर राहतो, दारू, दवाखाना किती लांब. आमच्यातल्या एकानं विचारलं, "मॅडम, चारित्र्य राहिलं." त्या म्हणाल्या, "ते मोजता येत नाही. आणि मोजणं आपलं कामही नाही." मला तो फळा अजून डोळ्यांसमोर दिसतो, कारण त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट माझ्या वडिलांच्या टोळीला लागू होती. मी आजार शिकायला बसलो होतो आणि समोर आमच्याच माणसांचं आयुष्य लिहिलेलं होतं.

ही गोष्ट एका टोळीची आहे. दिवाळी जवळ आली होती. बागायतदारानं सांगितलं होतं, "दिवसा माणसं अडवू नका. पाचनंतर या, काय बोलायचं ते बोला." शेडला लागून ठिबकच्या नळ्या ठेवायची खोली होती. तिथे दोन उलटे क्रेट टाकून मी एकेकाला आत बोलावलं.

पहिला आला तो पस्तिशीचा, अंगानं काटक. कात्रीनं अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडलेला.

"कितवीपर्यंत शिकलात?"

"चौथी. आश्रमशाळेत. मास्तर बदलून गेला, मी पण गेलो."

"घरी कधी जाता?"

"मुकादम सोडंल तवा."

लग्न, मुलं, दारू, सगळी उत्तरं झाली. मग मी आवाज खाली घेतला आणि तो प्रश्न विचारला. तिथे कधी फोड, पुळ्या, जखम झाली आहे का?

"झाल्यात ना."

इतक्या सहज हे कोणी सांगत नाही. बरेचजण आधी छताकडे बघतात, मग विचारतात, जाऊ का आता? मी म्हटलं, "कशानं झाल्या?"

"पेस्टनं."

छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांवर एक रसायन लावतात, सगळे डोळे एकदम फुटावेत म्हणून. त्यालाच बागेत पेस्ट म्हणतात. हातमोजे घालून लावायची असते. पण उकाडा असतो, मोजे फाटलेले असतात. कातडीला लागली की चरचरतं. तोच हात नकळत कुठे कुठे जातो. म्हणजे त्याचं म्हणणं अगदीच अशक्य नव्हतं. मी लिहून घेतलं.

दुसरा आला. त्यालाही झाल्या होत्या. पेस्टनं. तिसरा आला, त्यालाही. चौथा कोवळा होता, मिशी नुकती जाड झालेली, उन्हाळ्यात लग्न झालेलं.

"तुला पण?"

"हो, मग."

"कधी?"

तो अडखळला. "सगळ्यांना झाल्या तवा."

बाहेरून कोणीतरी हसल्याचा आवाज आला आणि लगेच दाबला गेला. शेवटी टोळीचा स्वयंपाकी आला. साठी उलटलेला, बागेत न जाणारा. त्याचं काम चुलीपाशी. त्यालाही फोड आले होते, पेस्टनंच.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही तर पेस्टला हात लावत नाही."

"मी लावत नाय. पण हे मेले हात न धुता भाकरी मागतात."

"तिथे आले फोड? भाकरीनं?"

"आता सगळ्यांना आले म्हणल्यावर मी काय एकटा बाजूला बसू?"

मी वही मिटली. खरं सांगायचं तर आधी रागच आला. एवढा वेळ गेला आणि हाती काही नाही. गाडीवर घरी निघालो तेव्हा वाटेत एका बागेत बागायतदार कोणालातरी ओरडत होता, चांगली काडी उडवली म्हणून. ते ऐकलं आणि मला एकदम उमगलं की या लोकांनी काय केलंय.

टोळीत बाग उक्ती घेतात, म्हणजे अख्ख्या बागेची एकच मजुरी ठरते. काम सगळ्यांचं, मजुरी सगळ्यांची आणि चूकही सगळ्यांची. फळकाडी चुकून कापली गेली आणि मालकानं विचारलं, "कोणाची कात्री?" तर उत्तर एकच असतं: "टोळीची." लहानपणी वडिलांच्या तोंडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. नाव सांगितलं तर एकाची रोजी जाते. सांगितलं नाही तर सगळ्यांना शिव्या बसतात आणि विषय संपतो. तोच नियम यांनी माझ्या प्रश्नाला लावला होता. कोणा एकाला ते फोड खरोखर येत होते. तो कोण हे कळू नये म्हणून कोणी 'नाही' म्हणालं नव्हतं. म्हाताऱ्यानंसुद्धा या वयात स्वतःच्या अंगावर फोड ओढवून घेतले होते.

गावात हळद-पापडाच्या कामाला जमलेल्या बायका एकमेकींना सावरून घेतात, हे मी पाहिलंय. पण पुरुषांनी, तेही या विषयात, जिथे एरवी चेष्टेला ऊत येतो, तिथे असं करावं, हे मी पहिल्यांदा पाहत होतो. राग उतरला. उलट घरी पोहोचेपर्यंत मला त्यांचा अभिमान वाटायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग गंभीर झाल्या.

"तो कोण आहे हे आपल्याला कळायला हवंच असं नाही," त्या म्हणाल्या. "पण एक गोष्ट कळायला हवी. त्याच्या घरी कोणी गरोदर आहे का? तिला आधीपासूनच हा आजार असेल तर बाळाला धोका कमी असतो. पण नवरा सणाला घरी गेला आणि शेवटच्या महिन्यांत तिला त्याच्याकडून पहिल्यांदा लागला, तर बाळंतपणात तो बाळाला जाऊ शकतो. नुकत्या जन्मलेल्या बाळाला हा आजार झेपत नाही. जीवावर बेततं."

"मग काय करायचं?"

"सोपं आहे. त्यानं तिच्यापासून तेवढे दिवस लांब राहायचं आणि तिला सांगायचं. तिनं डॉक्टरांना सांगायचं. बाकी ते बघतील." मग त्या म्हणाल्या, "सोपं म्हणजे आपल्याला."

संध्याकाळी मी मुकादमाला गाठलं. वडिलांच्या वयाचा माणूस. पहिल्या दिवशी मला 'सायेब' म्हणत होता. माझे वडील कोणत्या टोळीत होते हे कळल्यावर 'बाळा'वर आला होता. बांधावर बसून तो कात्रीला धार लावत होता.

"नाव विचारू नको," मी बसायच्या आधीच तो म्हणाला.

"नाव नकोच मला, काका."

"मागं एका टोळीत असंच झालं. बागवाल्याला कळलं, त्यानं त्या पोराला भांडी वेगळी दिली आणि दोन दिवसांनी हाकलला. गावाला बातमी त्याच्या आधी पोचली. सासरा पोरगी घेऊन गेला. पोरगं परत कुठं कामाला उभं राहिलं नाय."

"त्याच्या ताटाला ताट लागून हा आजार होत नाही."

"तुला म्हाईत. बागवाल्याला कोण सांगंल?"

मी मॅडम बोलल्या ते त्याला सांगितलं, त्याच्या भाषेत. मग विचारलं, "तुमच्या त्या माणसाच्या घरी कोणी पोटुशी हाय का?"

धार लावायचा हात थांबला. 

"दिवाळी झाली की मोकळी व्हायची हाय," तो म्हणाला.

म्हणजे ती घरी भात कापत असणार, आठवा-नववा महिना असला तरी. आणि तो दिवाळीला घरी जाणार. मुकादमानं त्याला एकट्याला सांगावं असं मी सुचवलं. तो म्हणाला, "मी सांगंल. पण मी सांगितलं तर तो घाबरून गप बसंल. तूच सांग. पण त्याला नको सांगू."

"मग कोणाला?"

"टोळीला."

जेवणाआधी सगळे शेडपुढे बसले. चुलीवर भाकरी भाजत होत्या, बल्ब लागलेला होता. मी उभा राहिलो. 

म्हटलं, "काल तुम्ही सगळ्यांनी सांगितलं की तुम्हाला फोड आले होते. मी ते खरं धरलंय. म्हणून आता जे सांगतोय तेही सगळ्यांना लागू आहे."

"भाऊ, माझं लग्न होऊन सहा महिने झाले नाय," तो कोवळा म्हणाला.

"टोळीत हाय ना तू?" स्वयंपाकी म्हणाला. "मग ऐक."

मी पुढे सांगितलं, "हे पेस्टचं असतं तर एकदाच झालं असतं. ज्याला त्याच जागी पुन्हा पुन्हा येतं, त्यानं पेस्टला दोष देऊ नये. याला हर्पिस म्हणतात. हा अंगाला अंग लागून होतो. आत्ता कुठे गेलात म्हणूनच झाला असं नाही, लग्नाआधी कधी, कित्येक वर्षांपूर्वी लागलेला असू शकतो. बायकोनं दिला की तुम्ही तिला दिला, हेही सांगता येत नाही. म्हणून भांडायला यात काही नाही."

"म्हणजे जन्मभर ऱ्हातो?" कोणीतरी विचारलं.

"राहतो. पण गोळ्यांनी दबतो. फोड असताना आणि आग व्हायला लागली की बायकोपासून लांब राहायचं. एरवी निरोध."

"आमच्या गावात निरोधाचे फुगे करत्यात," एकजण म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसलो. त्यानं बरंच सैल झालं.

मग त्या काटक माणसानं विचारलं, "हे आमच्यासारख्यालाच का व्हतं? या बागवाल्याला नाय व्हत?"

हा प्रश्न मला कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. फळ्यावरचं सगळं एका वाक्यात कसं सांगायचं? मी म्हटलं, "त्यालाही होतो. शिकलेल्यांना होतो, शहरात होतो. पण तो रोज रात्री घरी असतो आणि तुम्ही वर्षातले किती महिने घरी असता? वय वाढतं तसे धोक्याचे दिवसही वाढत जातात. शाळा सुटली, म्हणून हे कोणी शिकवलं नाही. थकलात की प्यायला बसता आणि प्यायल्यावर काळजी घ्यायची आठवण राहत नाही. आणि फोड आले की तो गाडी काढून नाशिकला डॉक्टरकडे जातो. तुम्ही ताक पिता. तुम्ही वाईट आहात म्हणून नाही होत."

 मुकादम खाली बघत होता. पुढचं सांगणं अवघड होतं.

"आता ज्याच्या घरी बाई पोटुशी असेल त्यानं नीट ऐका," मी म्हटलं. शेवटचे महिने लांब राहायचं, बाळंतपण घरी करायचं नाही, दवाखान्यातच करायचं, हे सांगितलं. "आणि तिला सांगायचं. तिनं नर्सबाईला सांगायचं. नर्सबाईला कळलं की डॉक्टर तपासून बाळ सुखरूप काढतात. हे तुमच्यासाठी दुसरं कोणी करू शकत नाही. मीही नाही आणि मुकादमही नाही."

"मला पण सांगावं लागंल का?" स्वयंपाकी म्हणाला. "माझी म्हातारी झाडूनं मारंल. म्हणंल, या वयात कुठं गेलता?"

त्या हशातच मागून, गोधड्यांच्या ढिगाकडून, एक आवाज आला. हसणारा नव्हता.

"पोराला कायम ऱ्हातं का ते? झालं तर?"

मी मान वळवली नाही. तव्याकडेच बघत राहिलो. मला माहीत आहे की मुकादमही बघत नव्हता, आणि बाकीचेही नाही. एवढी माणसं एका माणसाकडे न बघण्याची काळजी घेत होती. मी तव्याकडे बघूनच उत्तर दिलं की झालं तर फार वाईट होतं, पण वेळेवर सांगितलं तर टाळता येतं, आणि बहुतेक वेळा टळतं.

"बरं," तो आवाज म्हणाला.

दोन दिवसांनी टोळी आमच्या दवाखान्यात आली. सगळी. मुकादमानं बागायतदाराला सांगितलं होतं की पेस्टचं तपासून घ्यायचं आहे आणि एकाला जरी मागे ठेवलं तर दुपारनंतर कोणाचीच कात्री चालणार नाही. एका पिकअपमध्ये उभे राहून ते आले, आंघोळ करून, केसांना तेल लावून, लग्नाला निघाल्यासारखे. मॅडमनी प्रत्येकाला वेगळं आत घेतलं, रक्त घेतलं, बोलल्या. निकाल ज्याचा त्यालाच दिला. बाहेर येताना प्रत्येकाच्या हातात एकसारखी कागदी पिशवी होती. कोणाच्या पिशवीत हर्पिसच्या गोळ्या, कोणाच्या जीवनसत्त्वाच्या. ही कल्पना मॅडमची. औषधं देणाऱ्यानं कुरकुर केली की चांगल्या माणसांना कशाला गोळ्या, तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढ्या कामावर एवढं खाणं, जीवनसत्त्व सगळ्यांनाच कमी आहे. दे."

स्वयंपाकी पिशवी हलवून मला म्हणाला, "माझ्यात काय हाय रं?"

"मला माहीत नाही, बाबा."

"बरं. मी पण सांगणार नाय कोणाला."

मग टोळी गावाला गेली. ते दिवस मला चांगले गेले नाहीत. घरी दिवाळीचे दिवे लागले होते, आई करंज्या करत होती आणि मी सारखा त्या डोंगरावरच्या घराचा विचार करत होतो, जे मी पाहिलेलं नव्हतं. हातातलं सगळं आम्ही केलं होतं. एकच गोष्ट राहिली होती आणि ती त्या माणसाच्या हातात होती, जी त्याच्यासाठी सगळ्यांत अवघड होती. फोड आला म्हणून त्याची भांडी वेगळी होऊ नयेत, यासाठी टोळीनं खोटं बोलून त्याला आडोसा दिला होता. घरात मात्र त्याला आडोसा नव्हता. तिथे त्याला 'मला' म्हणावं लागणार होतं.

वडिलांना मी नावगाव न सांगता एवढंच सांगितलं होतं. ते म्हणाले, "टोळीत राहिलेला माणूस एकटा बोलायला शिकत नाय. वेळ लागतो."

"वेळ नाही ना त्याच्याकडे."



थंडी पडायला लागली होती. मी दुसऱ्या एका बागेत दुसऱ्या टोळीपुढे बसलो होतो, तेव्हा मुकादमाचा फोन आला. डोंगरात रेंज येत-जात असते, म्हणून तो ओरडून बोलत होता आणि मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"मोकळी झाली," तो म्हणाला. "सरकारी दवाखान्यात. पोर बरं हाय. दोघं बरी हायत."

मी विचारलं, "डॉक्टरांना सांगितलं होतं का?"

"माझी बायको होती तिच्यासंगं. गेल्या गेल्या पोरीनं नर्सबाईला सांगितलं, माझ्या मालकाला असं असं हाय, मला नीट तपासा. नर्सबाई बघतच राहिली. म्हणली, तुला हे कोणी सांगितलं गं?"

फोन तुटला. मी पुन्हा लावला, लागला नाही. पुन्हा लावला. समोरची टोळी माझ्याकडे बघत होती. मी हातानं त्यांना थांबा म्हटलं आणि बांधावर चढलो, जरा उंचावर रेंज येईल म्हणून. शेवटी लागला.

"काका, काय म्हणाली ती?"

"कोण?"

"ती बाई. कोणी सांगितलं म्हणाली?"

"नवऱ्यानं," मुकादम म्हणाला. "म्हणली, दिवाळीला आला तवा नवऱ्यानं स्वतः सांगितलं."

मी त्याला मुलगा की मुलगी विचारायचं विसरलो. त्या माणसाचं नाव मला आजही माहीत नाही. कधी भेटला तरी मी त्याला ओळखणार नाही, आणि तसंच असावं. पण माझ्या ओळखीत शिकलेले, मोठ्या हुद्द्यावरचे असे किती पुरुष आहेत जे हे वाक्य आपल्या बायकोसमोर बोलू शकतील, याचा मी तेव्हा बांधावर उभा राहून विचार केला. चौथी शिकलेला असेल, नसेल. घरापासून वर्षातले निम्मे महिने लांब. फळ्यावर लिहिलेलं सगळं त्याच्या विरुद्ध होतं. तरी तो बोलला.

खाली उतरून मी समोरच्या टोळीपुढे क्रेटवर बसलो आणि पहिल्या माणसाला आत बोलावलं.